सोन्याचे ५५ अणू: बारावीला नॅनो शिकवताना पडद्यावर नेमकं काय दाखवायचं?

खडूधारी (रविवार, रात्री ९.१२)

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात सोळावं, म्हणजे अगदी शेवटचं प्रकरण 'ग्रीन केमिस्ट्री अँड नॅनोकेमिस्ट्री' आहे. शेवटच्या प्रकरणाची गत काय होते ते इथल्या शिक्षकमंडळींना वेगळं सांगायला नको. सराव परीक्षा तोंडावर, सीईटीची घाई. मग व्याख्या लिहून घ्या, १९५९ साली भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन काय म्हणाले ते लिहून घ्या, उपयोगांची यादी पाठ करा, झालं. 'एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग' हे मुलं झोपेतही सांगतात. पण पाच नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणात अंदाजे किती अणू असतील असं विचारलं, तर उत्तरं 'दोन'पासून 'अब्जावधी'पर्यंत येतात.

यंदा हे प्रकरण मी पहिल्या प्रकरणाला, सॉलिड स्टेटला, जोडून घेतोय आणि जवळपास सगळं सॉफ्टवेअरवर शिकवतोय. यूट्यूबवरची चकचकीत ॲनिमेशनं मी बंद केली आहेत. कॅमेरा केसातून पेशीत, पेशीतून डीएनएत सूर मारत जातो, पार्श्वसंगीत वाजतं, वर्ग 'भारी!' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मुलांनी स्वतः रचना बांधायची आणि त्यात काहीतरी मोजायचं, एवढाच माझा आग्रह आहे.

वापरतो ते सॉफ्टवेअर म्हणजे व्हेस्टा. जपानी आहे, मोम्मा आणि इझुमी या दोघांनी केलेलं, शिकण्याशिकवण्यासाठी फुकट. स्फटिकांच्या रचना दाखवतं. सोन्याची तयार फाइल क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेसवर मिळते, पण मी मुलांनाच भरायला लावतो: नवीन रचना, अवकाशगट (सममितीचा क्रमांक) २२५, कडेची लांबी ४.०८ अँगस्ट्रॉम, म्हणजे ०.४०८ नॅनोमीटर, एक अणू ०,०,० वर. बटण दाबलं की एफसीसी युनिट सेल, म्हणजे कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर अणू असलेला घन, समोर. जे चित्र पुस्तकात बघून वहीत वाकडंतिकडं काढलं होतं, ते बोटाने फिरतं.

मग पहिलं गणित. एका सेलमध्ये ४ अणू, सेलचं घनफळ ०.४०८ चा घन, म्हणजे ०.०६८ घन नॅनोमीटर. भागाकार केला की एका घन नॅनोमीटरमध्ये साधारण ५९ अणू. पाच नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्यात जवळपास ३९००, दहा नॅनोमीटरच्या गोळ्यात ३१ हजारांच्या घरात. व्यास दुप्पट, अणू आठपट. इथे दोन-तीन चेहरे तरी उजळतात.

दुसरा खेळ मला सगळ्यात आवडतो. मधोमध एक अणू, त्याला चिकटून १२, एकूण १३. त्यावर आणखी एक थर ४२ अणूंचा, एकूण ५५. मग ९२ चा थर, एकूण १४७. मग १६२, मग २५२. (थराचं सूत्र १० गुणिले थराच्या क्रमांकाचा वर्ग अधिक २. हे मुलांनी शोधावं म्हणून मी सांगत नाही.) आता प्रत्येक वेळी विचारायचं: पृष्ठभागावर किती टक्के? १३ मध्ये ९२ टक्के, ५५ मध्ये ७६, १४७ मध्ये ६३, ३०९ मध्ये ५२, ५६१ मध्ये ४५. आणि दहा नॅनोमीटरच्या त्या ३१ हजारी कणात फक्त १४ टक्क्यांच्या आसपास. 'नॅनोकण उत्प्रेरक म्हणून चांगले का' या प्रश्नाचं उत्तर मग कोणी पाठ करत नाही, समोरच्या कोष्टकातून वाचून दाखवतं.

एक सेंटिमीटरचा घन चिरून एक नॅनोमीटरचे घन केले तर एकूण पृष्ठफळ ६००० चौरस मीटर होतं, हेही करून घेतो. आमच्याकडची मुलं शेतकऱ्यांची. चौरस मीटर त्यांना भिडत नाही. ५९ गुंठे म्हटलं की भिडतं. हरभऱ्याएवढ्या तुकड्यात दीड एकर रान.

आता अडचणी, ज्यासाठी धागा काढला.

एक. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, या गोळ्यांच्या मधल्या जागेत हवा असते का?" वर्गात कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तेच वाटत होतं.

दोन. व्हेस्टामध्ये सोन्याचे गोळे पिवळेधमक दिसतात. मग मी २० नॅनोमीटर सोन्याच्या द्रावाचा फोटो दाखवतो तर तो लालबुंद. मुलं म्हणतात, सर, फोटो चुकीचा आहे.

तीन. हे चित्र म्हणजे कुठल्यातरी जबरदस्त सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो आहे असं निम्म्या वर्गाला वाटतं. 'हे गणिताने काढलेलं चित्र आहे' असं मी सांगतो, पण तोंडी सांगण्याने फरक पडत नाही.

तुम्ही काय वापरता? आणि या तिन्हीवर काय उपाय?

चहाटळ (रविवार, रात्री ९.३१)

वाचनखूण साठवली. आमच्या वेळी 'सॉलिड स्टेट' म्हणजे सरांनी फळ्यावर काढलेला एक घन, जो दर वर्षी वेगळ्या बाजूला कलायचा.

काडेपेटी (रविवार, रात्री १०.०५)

लेख आवडला, पण सुरुवात पडद्यापासून का? मी सातवी ते दहावीला शिकवते. आधी हातात, मग पडद्यावर, या मताची मी आहे. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीच्या काड्या घ्या. होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाच्या काळात अरविंद गुप्तांनी हे सुरू केलं, पुढे पुण्याला आयुकातल्या विज्ञान शोधिकेत कितीतरी मुलांनी त्यांच्याकडून शिकून नेलं. खर्च नगण्य. त्यात मिथेनचा चतुष्फलक कळतो, षटकोन सपाट बसतो आणि पंचकोन घातला की पत्रा वाकायला लागतो हे बोटांना समजतं. बारा पंचकोन आणि वीस षटकोन जोडले की सी-६०, म्हणजे साठ कार्बन अणूंचा गोल रेणू, पूर्ण. फुटबॉल बनला की वर्गात जो आरडाओरडा होतो, तो तुमच्या माउसने होणार आहे का?

कार्बनच्या षटकोनी जाळीची गुंडाळी म्हणजे नॅनोनळी, तिच्यासाठी तर वीज पण नको. पारदर्शक ओएचपी शीटवर मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी छापून घ्या आणि गुंडाळा. सरळ गुंडाळली की एक प्रकार, तिरकी गुंडाळली की दुसरा. कडा कशा जुळतात ते मुलं स्वतः बघतात.

खडूधारी (रविवार, रात्री १०.२२)

ताई, ओएचपी शीटची कल्पना उचलली. सी-६० पर्यंत हातच जिंकतो हे मान्य. पण ३०९ अणूंचा ढीग व्हॉल्व्ह ट्यूबने कोण बांधणार? आणि बांधला तरी आतला थर दिसणार नाही. पडद्यावर वरचा थर लपवून आत बघता येतं. मला पडदा हवा तो तेवढ्यासाठी.

तिरकस (रविवार, रात्री ११.४०)

मोजक्या मार्कांच्या प्रकरणाला एवढा खटाटोप? आमच्या कॉलेजात 'संगणक कक्ष' म्हणजे कुलूप, किल्ली हरवलेली, आणि आत एक यूपीएस जो रात्रंदिवस टीं-टीं करतो. मुलं बारावीला वर्गात येतात तरी का हा पहिला प्रश्न. ती क्लासला असतात. क्लासवाले नॅनो 'ऑप्शनला टाका' म्हणतात.

चालू द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सुईचं_टोक (सोमवार, सकाळी ७.५०)

तिसऱ्या अडचणीवर बोलतो, कारण त्याच दुकानात माझं पोट आहे. एका विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात मी एएफएम, म्हणजे ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप चालवतो.

'हे गणिती चित्र आहे' असं सांगून मुलांना पटत नाही, कारण त्यांच्याकडे तुलनेला खरं मोजलेलं चित्र नसतं. ते द्या. ग्विडियन नावाचं सॉफ्टवेअर आहे, झेक प्रजासत्ताकातल्या मापनशास्त्र संस्थेतून आलेलं, मुक्तस्रोत, फुकट. आम्ही रोज तेच वापरतो. नमुन्याच्या फाइली जालावर मिळतात, किंवा जवळच्या विद्यापीठाकडे एखादी मागा, कोणी नाही म्हणणार नाही.

फाइल उघडली की काय असतं? आकड्यांचं कोष्टक. प्रत्येक बिंदूपाशी सुई किती वर उचलली गेली तो आकडा. बस. चित्र नंतर येतं. मुलांना रंगपट्टी बदलायला लावा: तपकिरी, निळी, राखाडी, भडक इंद्रधनुष्य. तोच कण चार रंगांत दिसला की 'नॅनोकणाचा खरा रंग कोणता' हा प्रश्न आपोआप विरघळतो. मग त्रिमितीय दृश्य उघडा आणि उभा अक्ष ताणा. जेमतेम पाच नॅनोमीटर उंचीचे टेंगूळ सुळक्यासारखे दिसू लागतात. मासिकांत छापून येणारी नॅनोची 'डोंगररांग' ९० टक्के वेळा अशीच ताणलेली असते. (हा टक्का माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही.)

आता खरी मजा. दहा नॅनोमीटर व्यासाचा गोल कण सपाट पृष्ठभागावर बसलाय. ग्विडियनमध्ये त्यावरून रेघ ओढून छेद काढा. उंची येते १०. रुंदी येते २८ च्या आसपास! मुलांना विचारा, कोण खोटं बोलतंय?

सुईचं टोक. त्याचीच त्रिज्या १० नॅनोमीटरच्या आसपास असते. ती कणाच्या डोक्यावर पोचण्याच्या कितीतरी आधी तिची कड कणाला टेकते आणि ती वर चढायला लागते. हे गणित दहावीच्या भूमितीतलं आहे: एकाच रेषेवर टेकलेली आणि एकमेकांना बाहेरून स्पर्श करणारी दोन वर्तुळं. स्पर्शबिंदूंमधलं अंतर पायथागोरसने काढलं की २ गुणिले दोन्ही त्रिज्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. दोन्ही बाजूंचं मिळून ४ गुणिले. त्रिज्या १० आणि ५, गुणाकार ५०, वर्गमूळ ७.०७, चारपट २८.३.

ज्या वर्गाने हे एकदा केलं, तो 'फोटो' हा शब्द जपून वापरतो. एएफएमने कणाचा आकार सांगायचा तर उंची सांगतात, रुंदी नाही, हेही पाठ न करता लक्षात राहतं.

एसटीएमचंही, म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपचंही, तसंच. १९८१ मध्ये झुरिकला आयबीएममध्ये बिनिग आणि रोरर यांनी तो केला, १९८६ चं नोबेल मिळालं. सुई आणि पृष्ठभाग यांच्यातलं अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढलं की त्यांच्यामधला विद्युतप्रवाह जवळपास दहापट घटतो, त्या संवेदनशीलतेवर सगळा डोलारा उभा आहे. त्यात दिसतो तो इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा नकाशा. १९९३ चं तांब्यावरच्या ४८ लोखंडी अणूंचं वर्तुळ दाखवा. आत वलयं दिसतात. मुलं विचारतील, अणू तर कडेला आहेत, मग मध्ये लाटा कसल्या? तिथून बारावी फिजिक्सच्या सरांना बोलवा आणि तुम्ही चहाला जा.

चहाटळ (सोमवार, सकाळी ८.१५)

"उभा अक्ष ताणा"... आमच्या कंपनीत विक्रीचे आलेख असेच होतात. उत्तम प्रतिसाद, सुईराव.

डोंबिवली_ते_डेल्फ्ट (सोमवार, दुपारी १.३०)

पहिल्या अडचणीवर. हवेच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर दोन गोष्टी करा. व्हेस्टामध्ये काडी-गोळा शैली बदलून 'स्पेस-फिलिंग' करा. काडी-गोळ्यात अणू मुद्दाम लहान काढतात, आतलं दिसावं म्हणून. खऱ्या मापाने काढले की एकमेकांना चिकटतात आणि ७४ टक्के जागा भरते. उरलेल्या २६ टक्क्यांत हवा मावेल का ते मोजू द्या. सोन्याच्या अणूची त्रिज्या ०.१४४ नॅनोमीटर. सगळ्यात मोठी पोकळी अष्टफलकी (सहा अणूंनी वेढलेली), तिची त्रिज्या अणूच्या ०.४१४ पट, म्हणजे व्यास ०.१२ नॅनोमीटर. नायट्रोजनचा रेणू ०.३६ च्या आसपास. तिप्पट मोठा पाहुणा. हे ०.४१४ तुमच्या सॉलिड स्टेटच्या प्रकरणात आहेच, पण तिथे ते नुसतं लक्षात ठेवायचं गुणोत्तर असतं.

तरी 'पोकळीत काय असतं' हा प्रश्न राहतोच, आणि तो राहू द्या. गोळ्याला कड असते, अणूला नसते. इलेक्ट्रॉनांचा ढग तिथेही पसरलेला आहे, विरळ होत जातो इतकंच.

कार्बन नॅनोनळीसाठी ॲव्होगॅड्रो हे रेणू बांधायचं सॉफ्टवेअर बघा. बिल्ड मेनूत नॅनोट्यूब बिल्डर आहे. एन आणि एम हे दोन आकडे आणि लांबी दिली की नळी तयार. काडेपेटीताईंची ओएचपी शीट कोणत्या दिशेने गुंडाळायची ते हेच दोन आकडे सांगतात. व्यासाचं सूत्र: ०.२४६ भागिले पाय, गुणिले (एनचा वर्ग अधिक एनएम अधिक एमचा वर्ग) याचं वर्गमूळ.

दोन नळ्या बांधायला लावा, (९,०) आणि (१०,०). व्यास ०.७०५ आणि ०.७८३ नॅनोमीटर. पडद्यावर शेजारी ठेवल्या तर फरक ओळखू येत नाही. पण एन वजा एमला तीनने भाग जातो तर नळी धातूसारखी वागते, नाही जात तर अर्धवाहक, म्हणजे वाहण्याआधी इलेक्ट्रॉनांना एक ऊर्जाफट ओलांडावी लागते. म्हणजे परिघावर षटकोनांची फक्त एक जादा रांग, आणि तारेचा माल ट्रान्झिस्टरचा झाला. 'नॅनो पातळीवर गुणधर्म बदलतात' या घासून गुळगुळीत झालेल्या वाक्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

काटेकोरपणे बोलायचं तर (९,०) मध्येही वक्रतेमुळे अगदी बारीक ऊर्जाफट असते. बारावीला सांगू नका. कोणी हुशार विचारेलच, तेव्हा (५,५) चं उदाहरण द्या, ती खरोखर धातू. पडताळून बघायचं तर पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅनोहबवर खातं उघडा, फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतं. सीएनटीबँड्स नावाच्या साधनात हेच दोन आकडे टाकले की ऊर्जापट्टे काढून देतं.

तिरकस (सोमवार, दुपारी २.०५)

"अगदी बारीक ऊर्जाफट असते, बारावीला सांगू नका." हे वाक्य फ्रेम करून स्टाफरूममध्ये लावणार आहे.

संगणक_खोली (सोमवार, सायंकाळी ६.४०)

तिरकसराव, किल्ली माझ्याकडे असते. (तुमच्या कॉलेजची नव्हे, सगळीकडे मीच असतो.) जुन्या मशीनांवर काय चालतं ते लिहितो.

व्हेस्टा: इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप सोडवली की चालू. त्यामुळे ॲडमिन पासवर्डसाठी कोणाच्या पाया पडायला नको.

ॲव्होगॅड्रो: नव्या आवृत्तीला ग्राफिक्स बरं लागतं. डबडी मशीनं असतील तर जुनी १.२ टाका.

जेस्मॉल: रेणू त्रिमितीत फिरवून बघायला. ब्राउझरमध्ये, जावाशिवाय. नेट नसेल तर फोल्डर उतरवून ठेवा, पेनड्राइव्हवरून सगळ्या मशीनांवर.

इमेजजे: अमेरिकेच्या एनआयएचमधून आलेलं, वर्षानुवर्षं जगभर चालतंय, अगदी हलकं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रातले कण मोजायला.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर जेमॉल (जेस्मॉलचं मूळ, जावावर चालणारं रूप) आणि ॲव्होगॅड्रोच्या मालिका आहेत, भाषेच्या यादीत मराठी निवडून बघा. छोटे छोटे पाठ, थांबवत थांबवत करायचे. मुलं ऑडिओ ऐकत एकीकडे क्लिक करतात, सर फिरून बघतात. तीस मुलांना एकाच वेळी 'आता एडिट मेनू' ओरडून सांगण्यापेक्षा बरं.

प्रोजेक्टर एकच असेल तर माउस मुलांच्या हातात द्या. शिक्षकाच्या हातात माउस असला की ते भाषण होतं.

बारावीची_आई (सोमवार, रात्री ९.२०)

मध्येच विचारते, माफ करा. आमच्याकडे लॅपटॉप नाही. मुलीला मोबाइलवर यातलं काही करता येईल का? ती हा धागा माझ्या खांद्यावरून वाचतेय.

खडूधारी (सोमवार, रात्री ९.३८)

येईल की. मोलव्ह्यू नावाचं संकेतस्थळ मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडतं. सी-६० चं नाव टाकून बघायला सांगा, बोटाने फिरवता येईल. पंचकोन मोजायला सांगा, बारा यायला हवेत. एक पंचकोन दोनदा मोजला जातो, म्हणून खुणेला एखादा धरून त्याच्याभोवती फिरायचं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेटवरची सदृशीकरणंही मोबाइलवर चालतात, बरीच मराठीत आहेत. नॅनो म्हणून वेगळं काही तिथे नाही, पण 'द्रव्याच्या अवस्था' जरूर बघावं, कारण व्हेस्टातले अणू पुतळ्यासारखे उभे असतात. खरे अणू थरथरत असतात, ते तिथे दिसतं.

गवतीचहा (मंगळवार, सकाळी १०.१०)

दुसऱ्या अडचणीवर कोणी बोललं नाही, म्हणून मी. पिवळे गोळे आणि लाल द्राव.

पिवळा हा व्हेस्टाने सोन्याला दिलेला ओळखीचा रंग आहे, ऑक्सिजनला लाल देतात तसा. सुटा अणू पिवळा नसतो. पिवळेपणा ढिगाचा गुणधर्म. आणि ढीग २० नॅनोमीटरचा झाला की त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावतात, ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषला जातो आणि उरलेला आपल्याला लाल दिसतो. फॅरडेने १८५७ मध्ये असे लाल द्राव केले होते, इलेक्ट्रॉनचा शोध लागायच्या चाळीस वर्षं आधी. उपाय सोपा: सोन्याच्या अणूंचा रंग मुलांनाच बदलू द्या. एका गटाने जांभळा केला, एकाने राखाडी, तरी अणूंची संख्या, अंतरं, टक्केवारी तीच. सुईचं_टोक यांच्या रंगपट्टीसारखंच.

पुण्याचा एक दाखला तुमच्या वर्गाला आवडेल. २००४ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मुरली सास्त्रींच्या गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोपत्रे बनवले, 'नेचर मटेरियल्स'मध्ये प्रसिद्ध झालं. परसातलं गवत! धातू तोच, पण आकार गोल न राहता चपटा त्रिकोणी झाला की शोषण सरकत अवरक्ताकडे जातं. म्हणजे रंग ठरवण्यात आकारमानाइतकाच आकारही येतो. ते व्हेस्टात दिसणार नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र हवं, आणि इथे वरचं इमेजजे कामाला येतं. मोजपट्टीवर रेघ ओढून 'सेट स्केल', मग त्रिकोणाच्या बाजू मोजायच्या. प्रत्येक गटाने पन्नास कण मोजावेत आणि स्तंभालेख काढावा. 'वीस नॅनोमीटरचे कण' असं बाटलीवर लिहिलेलं असलं तरी आत कोणी सतराचा, कोणी तेवीसचा असतो, हे स्तंभालेखातच दिसतं.

आणखी एक. तुमच्या ५५ अणूंच्या चित्रात कण उघडा आहे. खऱ्या द्रावात प्रत्येक कणाभोवती सिट्रेट किंवा तसलं काहीतरी चिकटलेलं असतं, नाहीतर कण एकमेकांना चिकटून द्राव जांभळा-निळा पडतो. आणि इतका लहान कण एफसीसीचा शिस्तीचा आकार धरून बसेलच असं नाही. हे मुलांना सांगावं. चित्रात काय *नाही* याची यादी करायला लावली तर आणखी चांगलं.

सुईचं_टोक (मंगळवार, सकाळी १०.४५)

शेवटच्या ओळीला +१. परीक्षेत हाच प्रश्न यायला हवा. येणार नाही.

तिरकस (मंगळवार, दुपारी १२.३०)

गवतीचहा यांच्यामुळे आज ऑफिसात गवती चहा मागवला. सोनं निघालं नाही.

बाय द वे, धाकट्या भावाला व्हेस्टा लावून दिलं. तो आता ऐकत नाही. "दादा, १४७ चा झाला" म्हणून मध्यरात्री उठवतो. याला जबाबदार धागाकर्ते.

बीएस्सी_दुसरं_वर्ष (मंगळवार, रात्री ८.५५)

खडूधारी सर, मी पण करून बघितलं, पण अडलो. ऑब्जेक्ट्स मेनूतल्या बाउंडरीमध्ये (कुठून कुठपर्यंतचे अणू दाखवायचे ती खिडकी) तिन्ही अक्षांवर वजा ०.५ ते अधिक ०.५ टाकलं तर बरोबर १३ आले. मग वजा १ ते १ केलं तर ५५ यायला हवेत ना? खाली ६३ लिहून येतंय. फाइल चुकली का?

खडूधारी (मंगळवार, रात्री ९.१५)

फाइल बरोबर आहे. वजा १ ते १ म्हणजे तू दोन बाय दोन बाय दोन सेलचा घन कापलास. घनाला आठ टोकं असतात, आपल्या कणाची ती टोकं छाटलेली आहेत. ६३ वजा ८, ५५. सिलेक्ट करून कोपऱ्यातले आठ अणू काढ, प्रत्येक कोपऱ्यात त्रिकोणी पैलू उघडा पडेल. तो १११ चा पृष्ठभाग (स्फटिकातल्या प्रतलांना असे तीन आकडी क्रमांक देतात).

पुढे वजा १.५ ते १.५ केलंस तर १७१ येतील. तिथे प्रत्येक कोपऱ्यातून तीन, म्हणजे २४ काढायचे, उरतील १४७. हाताने काढायचा कंटाळा आला तर त्याच बाउंडरीच्या खिडकीत खाली 'कटऑफ प्लेन्स' आहेत. १११ ची आठही प्रतलं उणे-अधिक चिन्हांसकट भर. ५५ साठी अंतर ४.८ अँगस्ट्रॉम दे, १४७ साठी ७.१. प्रतलांमधलं खरं अंतर २.३५५ आहे, त्याची दुप्पट आणि तिप्पट करून थोडं वर ठेवलंय, नाहीतर कडेवरचे अणू कधी राहतात कधी जातात.

३०९ चं तू सांग. वजा २ ते २ केल्यावर किती येतात आणि किती काढावे लागतात?

बीएस्सी_दुसरं_वर्ष (मंगळवार, रात्री ९.५८)

३६५ आले सर. प्रत्येक कोपऱ्यातून सात काढले. ५६ गेले, ३०९ उरले. आता रंग जांभळा करतो.